त्वचेच्या लिम्फोमाच्या पेशंटला फुफ्फुसात गाठ सापडली तर आधी काय समजायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांचं वय ६४. नऊ वर्षांपूर्वी त्वचेच्या बायोप्सीत मायकोसिस फंगॉइडस निघालं, म्हणजे त्वचेचा टी-सेल लिम्फोमा. अंगावर पॅच (सपाट डाग) आणि काही ठिकाणी प्लाक (जाडसर चट्टे), नॅरोबँड यूव्हीबी (त्वचेवर अतिनील किरणांचा उपचार) आणि अधूनमधून आठवड्याच्या मेथोट्रेक्सेटवर (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) बऱ्यापैकी आटोक्यात. तीस वर्षं बिडी-सिगरेट ओढली, पाच वर्षांपूर्वी सोडली. आता दीड महिना खोकला म्हणून एक्सरे, मग सीटी, आणि त्यात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात २.३ सेंटीमीटरची एकच गाठ, कडा काटेरी. एक डॉक्टर म्हणाले त्वचेचा लिम्फोमा लंगमध्ये गेला, चौथी स्टेज झाली. दुसरे म्हणाले टीबी असेल, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू आणि तीन महिन्यांनी परत सीटी बघू. घरात कुणाचं ऐकावं कळेना झालंय. आणि तोपर्यंत त्वचेची ट्रीटमेंट चालू ठेवायची का, हेही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. दोघांपैकी कुणाचंच म्हणणं अजून सिद्ध झालेलं नाही, आणि मला विचाराल तर या दोन्हीपेक्षा तिसरी शक्यता जास्त वाटते, ती म्हणजे हा फुफ्फुसाचा स्वतःचा, वेगळा कॅन्सर असण्याची. पण हा पण अंदाजच झाला. गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या मायक्रोस्कोपखाली जाईपर्यंत सगळ्यांचे अंदाजच, माझा धरून. त्यामुळे आत्ता करायचं काम एकच, बायोप्सी, आणि ती होईपर्यंत एकेटी नको, स्टेरॉइड नको, केमो तर नकोच नको.

आता असं का म्हणतो ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

हा आजार काही नवीन नाही, पॅरिसच्या आलिबेरने १८०६ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय, त्यामुळे तो कसा वागतो याची आता चांगली कल्पना आहे. यातल्या टी पेशींवर अशी प्रथिनं असतात की त्यांना त्वचेतच राहायला आवडतं, रक्तातून फिरल्या तरी त्या परत त्वचेकडेच वळतात. म्हणून बऱ्याच लोकांत हा आजार वर्षानुवर्षं, कधी कधी दशकं, त्वचेवरच राहतो. शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भागावर नुसते पॅच असतील तर त्या माणसाचं आयुष्यमान त्याच्या वयाच्या बाकी लोकांइतकंच निघतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. स्टॅनफर्डच्या लोकांनी २००१ मध्ये त्यांच्या पेशंटांचा हिशोब मांडला होता की त्वचेबाहेर आजार जायची शक्यता वीस वर्षांत किती, तर सुरुवातीला मर्यादित पॅच-प्लाक असलेल्यांत जवळजवळ शून्य, अंगभर पॅच-प्लाक असलेल्यांत साधारण १० टक्के, त्वचेवर ट्यूमर झालेल्यांत साधारण ३५ टक्के आणि सगळं अंग लाल होऊन सालटं निघणाऱ्यांत ४० टक्क्यांच्या आसपास. आणि या आकड्यांत नुसत्या लिम्फ नोड्समध्ये (काख, जांघ, छाती इथल्या लसिका गाठींत) गेलेले पण धरलेत, फक्त फुफ्फुस नाही.

म्हणजे त्वचा काय सांगतेय हे पहिल्यांदा बघायचं. मला बाबांच्या सीटीच्या फिल्मपेक्षा आधी बाबांची पाठ आणि मांड्या बघायला आवडतील. गेल्या सहा-आठ महिन्यांत कुठे गाठोळं उगवलंय का, एखादा प्लाक अचानक जाड होऊन फुटलाय का, अंग सगळं लाल झालंय का, खाज झोपू देत नाही अशी वाढलीय का, काखेत किंवा जांघेत गाठी हाताला लागतात का. रक्तात एलडीएच (आजार जोरात असला की बऱ्याचदा वाढणारं एंझाइम) वाढलंय का, सेझरी पेशी (रक्तात उतरलेल्या लिम्फोमाच्या पेशी) आहेत का. आणि जुन्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा, एक म्हणजे फॉलिक्युलोट्रॉपिक असं काही लिहिलंय का, म्हणजे आजार केसांच्या मुळाशी शिरलेला, आणि दुसरं म्हणजे लार्ज सेल ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे बारीक पेशींचं रूपांतर मोठ्या पेशींत झालंय का (मोठ्या पेशी एकूण पेशींच्या २५ टक्क्यांहून जास्त झाल्या की हा शब्द वापरतात). पेशी मोठ्या झाल्या की त्यांची त्वचेची ओढ सुटू शकते आणि मग त्या कुठेही जाऊ शकतात. हे सगळं नकारार्थी असेल, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तसंच वाटतंय, तर नऊ वर्षं शांत बसलेला आजार नोड्स सोडून, रक्त सोडून, थेट फुफ्फुसात जाऊन एकच गाठ करून बसेल हे होऊ शकतं पण मला पटकन पटत नाही.

जातोच फुफ्फुसात, असं नाही की जात नाही. उलट हा आजार अवयवांत पसरतो तेव्हा फुफ्फुस हे अगदी नेहमीच्या जागांपैकी एक आहे, लिव्हर, प्लीहा, मेंदू यांच्या जोडीने, आणि पूर्वीच्या काळी या आजाराने गेलेल्यांच्या शवविच्छेदनात फुफ्फुसात पेशी बऱ्याच वेळा सापडायच्या, जिवंतपणी कुणाला शंकाही आलेली नसायची. पण तो गेला की त्याचं रूप साधारण वेगळं असतं. दोन्ही बाजूंना, बऱ्याच गाठी, लहानमोठ्या, श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्यांच्या बाजूबाजूने पसरलेल्या, कधी न्यूमोनियासारखा पांढरा पट्टा, कधी फुफ्फुसाभोवती पाणी. न्यूमोनिया म्हणून दोन-तीन अँटिबायोटिक दिले जातात, उपयोग होत नाही, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं. अशा पेशंटची त्वचाही बहुतेक वेळा बिघडलेली असते. ही खरी चौथी स्टेज, आणि तिथे अंदाज चांगले नाहीत, ब्रिटनमधल्या २०१० च्या मोठ्या अभ्यासात अवयवांत पसरलेल्या पेशंटचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या आत गेले तो काळ) दीड वर्षाच्या आतच होतं. म्हणूनच हा शिक्का पुराव्याशिवाय मारायचा नाही. चौथी स्टेज म्हटलं की घर खचतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी ऑपरेशनचा विचारच करत नाही.

आणि इथे खरा घोळ आहे. तुमच्या बाबांची गाठ एकच, वरच्या भागात, आणि रिपोर्टमध्ये तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे कडा काटेरी. वय साठीच्या पुढे, तीस वर्षं तंबाखूचा धूर. लिम्फोमाचं नाव फाइलवर नसतं तर कुठल्याही छातीच्या डॉक्टरने पहिलं नाव लंग कॅन्सरचंच घेतलं असतं. फाइलवर जुना कॅन्सर असला की नवीन दिसेल ते सगळं त्याच्याच खात्यावर टाकायची सवय आपल्याकडे फार आहे, डॉक्टरांत पण आणि नातेवाईकांत पण. बिडीला लोक सिगरेटपेक्षा सौम्य समजतात, तसं काही नाही हो, बिडीचा धूर तितकाच वाईट. आणि पाच वर्षांपूर्वी सोडली हे फार चांगलं केलं, धोका कमी होत जातो, पण शून्य होत नाही.

शिवाय त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाच्या लोकांना दुसरा कॅन्सर व्हायचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा थोडा जास्त असतो हे आता बऱ्याच देशांच्या नोंदींवरून दिसलंय. फिनलंडमध्ये सगळ्या देशाची कॅन्सरची नोंद ठेवली जाते, तिथल्या हेलसिंकीच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की अशा पेशंटांत दुसरे लिम्फोमा तर जास्त होतातच, पण लंग कॅन्सरही अपेक्षेपेक्षा जास्त होतो. त्यांनीच पुढे २००८ मध्ये अशा पेशंटांचे फुफ्फुसातले ट्यूमर घेऊन त्यांची गुणसूत्रं तपासली तेव्हा त्यातले बदल बाकीच्या लोकांच्या लंग कॅन्सरपेक्षा वेगळे दिसले. याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद आहे, पण डॉक्टर म्हणून माझ्यासाठी अर्थ सरळ आहे, त्वचेचा लिम्फोमा असलेल्या माणसाच्या फुफ्फुसातली गाठ लिम्फोमाचीच असणार असं गृहीत धरता येत नाही, उलट लंग कॅन्सरची शंका नेहमीपेक्षा जास्तच घ्यायला हवी.

धोका का वाढतो? तंबाखू हे एक कारण आहेच. दुसरं म्हणजे या आजारात टी पेशींचा समतोल बिघडलेला असतो, शरीर स्वतःत उगवणाऱ्या वाईट पेशींवर जी नजर ठेवतं ती कमकुवत होते. तिसरं म्हणजे औषधं, नायट्रोजन मस्टर्ड (अंगाला लावायचं केमो), पूवा (गोळी घेऊन यूव्हीए किरणांचा उपचार) वगैरेंनी त्वचेचे कॅन्सर वाढतात हे माहितीय, फुफ्फुसाशी त्यांचा थेट संबंध मी जोडणार नाही. चौथं म्हणजे, आणि हे लोक विसरतात, असे पेशंट वारंवार डॉक्टरकडे जातात आणि त्यांचे स्कॅन जास्त होतात, म्हणून सापडतंही जास्त.

आता टीबी. आपल्याकडे फुफ्फुसाच्या वरच्या भागात काहीही दिसलं की टीबी आठवतो आणि आठवलाच पाहिजे, त्यात चूक नाही, भारतात टीबी आहेच इतका, आणि मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड घेणाऱ्यात अजून जास्त. टीबीची गाठ, ट्युबरक्युलोमा, सीटीवर हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते आणि पेट स्कॅनवर (जास्त साखर खाणाऱ्या जागा दाखवणारा स्कॅन) पण तितकीच चमकते. पेट स्कॅन हा घरातल्या दिव्यासारखा आहे, कुठे काहीतरी पेटलंय एवढंच सांगतो, चूल आहे का वणवा ते सांगत नाही. म्हणून "पेट पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर" हे वाक्य कुणी बोललं तर मान डोलावून पुढे चला. पेट स्कॅनचा खरा उपयोग वेगळा, बाकी कुठे काही आहे का, आणि तुकडा काढायला सगळ्यात सोपी आणि चमकणारी जागा कोणती. काखेत एखादी गाठ चमकत असेल तर फुफ्फुसाला हात न लावता तिथूनच उत्तर मिळून जातं.

"एकेटी सुरू करून बघू" याला माझा ठाम विरोध आहे, आणि का ते सांगतो. लंग कॅन्सर असेल तर तीन महिने गेले, २.३ सेंटीमीटरची ऑपरेशन होण्यासारखी गाठ कदाचित तशी राहणार नाही. टीबी असेल तर औषधांना रेझिस्टन्स आहे का हे न बघता औषधं सुरू झाली. आणि मधेच ताप आला म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, खोकल्यासाठी थोडं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, तर दोन्हीकडून चित्र झाकलं जातं, कारण लेव्होफ्लॉक्सासिन टीबीवर अर्धवट काम करतं आणि स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि मग बायोप्सीत काहीच सापडत नाही. असे पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा हातात तीन निगेटिव्ह रिपोर्ट असतात आणि आजार मात्र जागच्या जागी. थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) सरकारी केंद्रात फुकट होते, ती नक्की करा, दोन वेळा करा. पण निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं नाही, कारण बंद गाठीतले जंतू थुंकीत येतीलच असं नाही. आणि पॉझिटिव्ह आली म्हणून कॅन्सर नाही असंही नाही, टीबीच्या जुन्या व्रणाशेजारी कॅन्सर असणं आपल्याकडे काही दुर्मिळ नाही.

टीबीशिवाय अजून काही गोष्टी पण या यादीत असतात, पटकन सांगतो. मेथोट्रेक्सेटने फुफ्फुसाला सूज येऊ शकते, पण ती पसरट असते, कोरडा खोकला, ताप, दम, एकटी गाठ नाही. जेमसिटाबीन हे केमो घेतलेल्यांतही तसंच. इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतलेल्यांत कधी कधी सार्कॉइडसारखे (कॅन्सर नसलेला, सुजेचा आजार) नोड्स फुगतात आणि सगळे घाबरतात. बुरशीचे आणि नोकार्डिया नावाच्या जंतूचे संसर्ग, विशेषतः प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत, तेही गाठीसारखे दिसतात. आणि लिम्फोमॅटॉइड ग्रॅन्युलोमॅटोसिस नावाचा एक विचित्र आजार आहे, १९७२ मध्ये लिबो यांनी वर्णन केलेला, त्यात फुफ्फुसात गाठी आणि साधारण एक तृतीयांश लोकांत त्वचेवर पण गाठी, आणि तो बी पेशींचा असतो, ईबीव्ही विषाणूशी जोडलेला, तिथे कधी कधी त्वचेच्या लिम्फोमाचं पहिलं निदानच परत तपासावं लागतं.

त्यावरून एक आडवी गोष्ट. आपल्या रंगाच्या त्वचेत मायकोसिस फंगॉइडस बऱ्याचदा पांढरट डागांच्या रूपात येतं, लोक कोड समजतात, कुणी कुष्ठरोग समजतं, वर्षं जातात, स्टेरॉइडची मलमं चोपडली जातात आणि मग कधीतरी बायोप्सी होते. पांढऱ्या डागांचा प्रकार खरं तर सौम्य असतो. पण निदानच धूसर असेल, "लिम्फोमा असू शकतो" अशा भाषेतला नऊ वर्षांपूर्वीचा एकच रिपोर्ट असेल, तर फुफ्फुसाचा विचार करायच्या आधी तो जुना ब्लॉक (लॅबने मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) परत बघून घ्यावा.

आता बायोप्सी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे कारण निम्मी केस इथेच घडते किंवा बिघडते.

पहिली गोष्ट म्हणजे एफएनएसीवर थांबू नका. बारीक सुईने पेशी येतात, लिम्फोमाच्या निदानाला पेशींची मांडणी लागते. सीटी बघत जाड सुईने कोअर बायोप्सी घ्यायची, तीन-चार चांगले तुकडे. गाठ बाहेरच्या बाजूला, बरगड्यांजवळ असेल तर हे सोपं असतं. मध्यभागी, मोठ्या श्वासनळीजवळ असेल किंवा छातीच्या मधले नोड्स फुगले असतील तर ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण) आणि ईबीयूएस (तिथूनच केलेली सोनोग्राफी). दोन्हीने जमलं नाही तर दुर्बिणीतून छातीचं छोटं ऑपरेशन. गाठ छोटी आहे आणि लंग कॅन्सरची शंका फार दाट आहे अशा वेळी सर्जन थेट ऑपरेशन टेबलावर तुकडा काढून लगेच तपासून पुढचं करतात, तेही चालतं, पण तिथे पॅथॉलॉजिस्टला लिम्फोमाचा इतिहास आधी माहिती पाहिजे.

सीटी बायोप्सीत काहींना फुफ्फुसाभोवती हवा साठते, बहुतेकांची आपोआप जिरते, थोड्यांना एक-दोन दिवस नळी ठेवावी लागते. बाबा अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतील तर आधी सांगा, हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच बंद करायचं. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे घरातलं कोणी ना कोणी म्हणणारच, त्याच्यासाठी सांगतो, सुईच्या मार्गावर पेशी रुजणं अगदी क्वचित होतं आणि त्या भीतीने निदान न करणं हा कितीतरी मोठा धोका आहे.

दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येक नातेवाईकाला चिठ्ठीवर लिहून देतो. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका. एक तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवायला सांगा, त्यातून टीबीचं कल्चर, सीबीनॅट आणि बुरशीचं कल्चर होतं. फॉर्मॅलिनमध्ये गेलेला जंतू मेला, मग कल्चर होत नाही आणि परत सुई लावायची पाळी येते. शक्य असेल तर ताज्या पेशी फ्लो सायटोमेट्रीला (पेशींचा प्रकार मोजणारी तपासणी) पण पाठवायच्या. हे आधी ठरवून, बाटल्यांवर लेबल लावून जायचं, कारण बायोप्सीच्या खोलीत त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरी गोष्ट, पॅथॉलॉजिस्टला एकटं सोडू नका. नऊ वर्षांपूर्वीच्या त्वचेच्या बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड ज्या लॅबमध्ये असतील तिथून अर्ज करून आणा, लॅब बरीच वर्षं ते जपून ठेवतात, मागितलं की देतात. जुना आणि नवा असे दोन्ही नमुने एकाच माणसाने शेजारी शेजारी ठेवून बघितले पाहिजेत. रिक्वेस्ट फॉर्मवर "लंग मास" एवढंच दोन शब्द लिहून पाठवणारे महाभाग आहेत, तुम्ही स्वतः त्यावर लिहायला लावा की पेशंटला मायकोसिस फंगॉइडस आहे, एवढी वर्षं आहे, अमुक औषधं चालू आहेत, धूम्रपान होतं.

का एवढं, तर बारीक, गोल, निळ्या पेशींचा ढीग मायक्रोस्कोपखाली दिसला तर तो स्मॉल सेल लंग कॅन्सर पण असू शकतो आणि लिम्फोमा पण, आणि सुईत पेशी चिरडल्या गेल्या असतील तर अनुभवी डोळाही फसतो. मग मार्कर लावतात. सीडी-३, सीडी-४, सीडी-८, सीडी-३० हे टी पेशींच्या बाजूचे, सायटोकेरॅटिन, टीटीएफ-१, नॅप्सिन, पी-४० हे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या बाजूचे, सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम-१ हे स्मॉल सेलसारख्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या बाजूचे. सीडी-५६ एकट्यावर विसंबायचं नाही, ते स्मॉल सेलमध्ये पण येतं आणि काही टी आणि एनके पेशींच्या लिम्फोमात पण येतं. आणि लंग कॅन्सरच्या आजूबाजूला साध्या टी पेशींची गर्दी असतेच, ती बघून "लिम्फोमा पसरलाय" असं म्हणायची घाई नको. पेशी खरंच लिम्फोमाच्याच वाटत असतील तर टी-सेल रिसेप्टर जीनची तपासणी त्वचेच्या आणि फुफ्फुसाच्या दोन्ही नमुन्यांवर करायची, दोन्हीकडे एकच क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) निघाला तर आजार एकच, वेगळा निघाला तर विचार परत सुरू. ही तपासणी सगळीकडे होत नाही, मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात किंवा मोठ्या खासगी लॅबमधून होते.

रिपोर्ट आल्यावर काय, तेही सांगून ठेवतो, म्हणजे डॉक्टरशी बोलताना उपयोग होईल.

फुफ्फुसाचा वेगळा कॅन्सर निघाला आणि तो एवढाच असेल, नोड्स स्वच्छ, मेंदूचा एमआरआय स्वच्छ, तर तो लंगच्या हिशोबाने पहिल्या स्टेजचा आहे आणि ऑपरेशनने पूर्ण बरा करायच्या उद्देशाने उपचार करायचे. दम कमी असेल, ऑपरेशन झेपणार नसेल तर एसबीआरटी, म्हणजे नेमक्या जागी थोड्या बैठकांत दिलेलं जास्त डोसचं रेडिएशन. "आधीच एक कॅन्सर आहे, कशाला आता एवढं" असं जर कुणी म्हणालं तर मान्य करू नका, बाबांचा त्वचेचा आजार ज्या अवस्थेत आहे त्यात माणूस वर्षानुवर्षं जगतो, त्यामुळे फुफ्फुसाचा उपचार कमी करायचं काहीच कारण नाही. आणि एक गोंधळ आधीच टाळा, त्वचेच्या लिम्फोमाच्या फाइलवर "स्टेज १बी" लिहिलेलं असतं आणि लंगच्या फाइलवर "स्टेज १ए", या दोन पूर्णपणे वेगळ्या मोजण्या आहेत, दोन्ही फाइली वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक कागदावर कुठल्या आजाराची स्टेज ते लिहून घ्या, नाहीतर इन्शुरन्सवाल्यांपासून ज्युनियर डॉक्टरपर्यंत सगळे घोळ घालतात.

आजार पुढे गेलेला निघाला तर ट्यूमरवर ईजीएफआर, एएलके वगैरे जीनच्या टेस्ट होतील. ईजीएफआरच्या गोळ्यांनी अंगावर, विशेषतः चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ येतं, ते बघून "लिम्फोमा वाढला" असं वाटू शकतं, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. इम्युनोथेरपीचा प्रश्न जरा नाजूक आहे. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध खुद्द मायकोसिस फंगॉइडस आणि सेझरी सिंड्रोमच्या (अंग लाल आणि रक्तात लिम्फोमाच्या पेशी असा प्रकार) २४ पेशंटांवर वापरून बघितलंय, त्यात ९ जणांना फायदा झाला, म्हणजे ते लिम्फोमाला सरसकट भडकवतं असं नाही, पण सेझरीवाल्यांत त्वचा तात्पुरती चांगलीच भडकल्याचंही त्याच अभ्यासात दिसलं. दुसरीकडे एचटीएलव्ही-१ विषाणूशी जोडलेल्या एका वेगळ्या टी-सेल लिम्फोमात निव्होलुमॅब दिल्यावर तीन पेशंटांचा आजार झपाट्याने वाढला, हे २०१८ मध्ये छापून आलंय. त्यामुळे लंग कॅन्सरसाठी हे औषध लागलंच तर देता येतं, पण लंगचा डॉक्टर आणि लिम्फोमाचा डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोललेत याची खात्री करूनच.

लिम्फोमाच निघाला तर मग खरंच सगळं शरीरभराचं औषध लागेल. सीडी-३० पॉझिटिव्ह असेल तर ब्रेंटुक्सिमॅब, २०१७ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालीय, आपल्याकडेही मिळतं पण महाग. नाहीतर जेमसिटाबीन, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, आणि वय-तब्येत बघून काहींत बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विचार. हा लिम्फोमा रेडिएशनला फार लवकर विरघळतो, एखादी गाठ त्रास देत असेल तर अगदी कमी डोसनेही आराम पडतो. टीबी निघाला तर मिठाई वाटा, सहा महिने गोळ्या घ्या, मेथोट्रेक्सेट तोपर्यंत बाजूला.

ज्यांच्या सीटीत ४-५ मिलिमीटरचे ठिपके निघालेत आणि रात्रीची झोप उडालीय त्यांच्यासाठी वेगळं. एवढ्या छोट्या ठिपक्याची बायोप्सी होत नाही, बहुतेक ते जुन्या टीबीचे व्रण असतात, तीन महिन्यांनी परत सीटी करून वाढ होतेय का बघायचं. रेडिओलॉजीच्या रिपोर्टखाली कधी कधी फ्लाइशनर सोसायटीच्या (छातीच्या रेडिओलॉजीची संस्था) नियमांप्रमाणे फॉलोअपची गरज नाही असं लिहितात, ते नियम आधीच कॅन्सर असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या लोकांसाठी बनवलेलेच नाहीत, तेवढं डॉक्टरांना आठवण करून द्या. आणि नुसते थोडे पॅच असलेल्या पेशंटने दरवर्षी हौसेने सीटी, पेट करत बसायची गरज नाही, ट्यूमर, नोड्स, ट्रान्सफॉर्मेशन, फॉलिक्युलोट्रॉपिक प्रकार असेल तर स्कॅनला अर्थ आहे. जास्त धूम्रपान केलेल्यांनी मात्र लंगसाठी म्हणून वेगळ्या, कमी डोसच्या सीटीबद्दल विचारावं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तोपर्यंत त्वचेची ट्रीटमेंट चालू ठेवायची का. नॅरोबँड यूव्हीबी खुशाल चालू ठेवा, त्याचा फुफ्फुसाशी काही संबंध नाही. मेथोट्रेक्सेट मी बायोप्सी आणि कल्चरचे रिपोर्ट येईपर्यंत थांबवायला सांगेन, अर्थात तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांशी बोलून, काही आठवडे थांबलं तर त्वचेचं फार बिघडत नाही, खाज वाढली तर मलम आणि मॉइश्चरायझरवर निभावतं. टीबीचं कल्चर यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, पण हिस्टोपॅथॉलॉजी मार्करसकट दहा-बारा दिवसांत यायला हवी, त्यापुढे गेली तर लॅबला फोन करा. मधल्या काळात थुंकीत रक्त, एकदम दम लागणं, चेहरा-मान सुजणं, तीव्र डोकेदुखी यातलं काहीही झालं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.